छत्री मिटून ठेवणारा मोतद्दार

घोड्यांचं सगळं बघणाऱ्या माणसाला मोतद्दार म्हणतात. दाणापाणी, खरारा, लीद काढणं, खोगीर चढवणं, आणि वर बसलेलं माणूस खाली आलं की त्याला उठवून, माती झटकून, ‘काही नाही झालं’ असं म्हणत परत वर बसवणं, हे सगळं त्याच्याकडे. पडलेल्याचा राग घोड्यावर निघतो, घोड्याचा मोतद्दारावर, आणि मोतद्दाराने कुणावर काढायचा हे काही कुणी ठरवलेलं नाही. आपल्या मोतद्दाराने तर तो कधी काढलाच नाही. गरीब स्वभाव. अंगाने काटकुळा, पुढे वाकून चालायची सवय, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला वाटावं, हा आपल्याशी नाही, स्वतःच्या शर्टाच्या गुंडीशी बोलतोय. घोड्यांना मात्र ते बरोबर ऐकू जायचं.

घोडेस्वारी शिकवणारी ती शाळा गावाच्या टोकाला होती. मधे कुंपण घातलेलं रिंगण, एका अंगाला तबेला, दुसऱ्या अंगाला मालकीणबाईंचं ऑफिस, आणि तबेल्याच्या पाठीला पाठ लावून मोतद्दाराच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्याची बायको इस्त्रीचं काम करायची. खिडकीपाशी उंच टेबल, त्यावर जुनं ब्लँकेट दुमडून अंथरलेलं, कोपऱ्यात कपड्यांची गाठोडी. भिंतीपलीकडे एखाद्या घोड्याने पाय आपटला की इकडे पाण्याच्या पेल्यात तरंग उठायचे. लोक तिला मोतद्दारीण म्हणत आणि तिला ते मुळीच खपत नसे.

“मी कुठल्या घोड्याला खरारा केलाय?” ती म्हणायची. “घोडे ह्यांचे, घड्या माझ्या. खाती वेगळी आहेत आमची.”

तर अशा त्या शाळेत एक दिवस चिमणी आली. चिमणी म्हणजे घोडी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, पाय असे की बघत राहावं. पण जीव चिमणीएवढा, म्हणून मोतद्दाराने नाव ठेवलं चिमणी. ती ज्या गाडीतून आली त्या गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, आणि उतरली तेव्हा समोर दिसलेल्या बादलीला बघून परत गाडीत चढायला निघाली.

मास्तर, म्हणजे शाळेत स्वारी शिकवणारे, शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते. मोठ्या आवाजाचे, मोठ्या पोटाचे, मनाने चांगले. ते म्हणाले, “मोतद्दार, ही बादलीला भिते. हिला पाणी कशातून पाजणार? चमच्याने?”

“भिते म्हणजे बघते नीट,” मोतद्दार गुंडीशी बोलला. “बघणाऱ्याला शिकवता येतं.”

आणि खरंच, पहिले काही महिने त्याने जे केलं त्याला तोड नव्हती. कधी हात उगारला नाही, कधी ओढून नेली नाही. हातगाडीला ती भ्यायची, तर त्याने काय केलं? हातगाडी तिच्याकडे आणलीच नाही. तिच्यापासून लांब ढकलत निघाला, आणि घोडीला सैल दोरीने मागून येऊ दिलं. घोड्याचं असं असतं, की वस्तू अंगावर आली तर ते पळतं, आणि वस्तू पुढे पुढे जाऊ लागली की त्याला वाटतं, अरे, ही तर मलाच भिऊन पळतेय! मग ते मान लांब करून तिच्या मागे लागतं. चिमणी पहिल्यांदा गाडीपासून लांबच राहिली. दुसऱ्या फेरीला थोडी जवळ. आणि मग एका सकाळी तिने गाडीतल्या गवतात सरळ तोंडच घातलं. मोतद्दार जागच्या जागी उभा राहिला. श्वाससुद्धा बेताने घेतला. घोडीने तोंड चघळल्यासारखं हलवलं, मान खाली सोडली, आणि एक लांब सुस्कारा टाकला. हे झालं की समजायचं, आतली गाठ सुटली.

तिचं मन रमावं म्हणून तो रोज काहीतरी नवं करायचा. आज जमिनीवर आडवे बांबू टाकून त्यातून पाय उचलत चालायचं. उद्या रिंगणात जायचंच नाही, कुंपणाबाहेरून चढावर जायचं आणि वरून गाव बघून यायचं. परवा म्हातारबाच्या शेजारी नुसतं उभं राहायचं. म्हातारबा हा तिथला सगळ्यात जुना घोडा. त्याच्या कानाशी तोफ उडवली तरी त्याने आधी समोरचं गवत संपवलं असतं. चिमणी त्याच्याकडे बघायची, मग ज्याला भ्यायची त्या वस्तूकडे बघायची, आणि परत त्याच्याकडे. तिचे कान सारखे फिरत असायचे, एक पुढे, एक मागे. डोळ्यांत नुसती विचारपूस.

“माझ्याशी लग्न झालं तेव्हा मला नाही कुठे चढावर नेऊन गाव दाखवलं,” मोतद्दारीण इस्त्री फिरवत म्हणायची.

“तू कुठे बुजत होतीस?”

“मी बुजले असते तर तुम्ही पळाला असतात.”

असं चाललं होतं आणि चांगलं चाललं होतं. मग शाळेत पोस्टातल्या बाई आल्या.

या बाई पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायच्या. चाळिशी उलटलेली, एकट्या, अंगाने बारीक. त्यांना कुत्र्याची भीती, लिफ्टची भीती, रस्ता ओलांडायची भीती. तरी आल्या आणि मालकीणबाईंना म्हणाल्या, “मला घोड्यावर बसायला शिकवा. सगळं आयुष्य खिडकीच्या आत बसले. एकदा उंचावर बसून बघायचंय.”

मास्तरांनी त्यांना म्हातारबावर बसवायचं ठरवलं होतं. पण बाई तबेल्यात आल्या आणि चिमणीपुढे उभ्या राहिल्या. चिमणी मागे सरकली, तशा बाईही मागे सरकल्या. दोघी एकमेकींना भ्यायल्या आणि त्यातच त्यांचं जमलं. “मला हीच हवी,” बाई म्हणाल्या.

मालकीणबाई सरळ बाई, वावगं बोलणारी नव्हे, पण शाळा चालवायची म्हणजे तिलाही डोळ्यात तेल घालून बघावं लागे. तिने मोतद्दाराला ऑफिसात बोलावलं. “उन्हाळ्याची सुट्टी संपताना सगळ्यांचे घरचे लोक बघायला येतात, माहीत आहे ना? त्या दिवशी ही घोडी बाईंना घेऊन रिंगणात नीट फिरली तर राहील. नाही तर मला शोभेची घोडी बांधून ठेवता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका.”

सुट्टी तर आलीच होती. त्याच दुपारी कुणीतरी कुंपणाशी उन्हासाठी छत्री उघडली, फट् करून, आणि चिमणी बाईंना घेऊन बाजूला अशी उडाली की बाई खोगिराला मिठी मारूनच राहिल्या. पडल्या नाहीत, पण रडल्या. मास्तरांनी ऑफिसाच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत मालकीणबाई उभी होती.

छत्रीची ओळख करून द्यायला वेळ लागतो. आधी मिटलेली छत्री लांबून दाखवायची, मग हुंगू द्यायची, मग अर्धी उघडायची, मग पुढे घेऊन चालायचं. मोतद्दाराला हे सगळं माहीत होतं, अगदी झोपेत विचारलं तरी सांगेल. पण मनात सुट्टी बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना तो उठला, रिंगणाभोवती एक फेरी मारली, आणि कुंपणाला टांगलेली छत्री मिटून ऑफिसामागे नेऊन ठेवली. फडफडणारी निळी ताडपत्री काढून तिची घडी केली. पाण्याचा पाइप सापासारखा पसरलेला होता, तो गुंडाळला. बादल्या आत नेल्या. हातगाडीसुद्धा, जिची भीती केव्हाच गेली होती, तीही तबेल्यामागे लावली. असू दे, कशाला उगाच.

त्या दिवशी चिमणी सरळ चालली. बाई हसल्या.

मग रोज सकाळी तो तेच करू लागला, आणि तास संपले की सगळं परत जागच्या जागी लावून टाकायचा. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? आणि सांगितलं असतं तर मास्तर म्हणाले असते, “मोतद्दार, हे म्हणजे परीक्षेला बसणाऱ्याच्या पुस्तकातले अवघड धडे फाडून ठेवण्यासारखं आहे.” म्हणून नाही सांगितलं. लोक येऊ लागले की तो कुंपणाशी उभा राहून हळूच म्हणायचा, “छत्री मिटता का जरा? इथे वारा फार असतो.” वारा नसला तरी म्हणायचा.

मोतद्दारिणीच्या खिडकीतून रिंगण अर्धं दिसायचं. तिने बरेच दिवस पाहिलं आणि एक दिवस जेवताना विचारलं, “सकाळी सकाळी तुम्ही तिथे काय माझ्यासारख्या घड्या घालत असता?”

“घोडीला त्रास नको म्हणून.”

“तिला कळतं का, तुम्ही उचलून ठेवता ते?”

“नाही कळत. तेच तर बरं.”

“आणि तुम्ही नसाल तेव्हा?”

“मी नसायला कुठे जातोय?”

बायकोने पुढे काही विचारलं नाही. तिने विचारलं नाही म्हणजे तिचं समाधान झालं, असा मोतद्दाराचा आयुष्यभराचा गैरसमज होता.

सुट्टी संपायचा दिवस आला. बाकांवर लोक बसले. मोतद्दाराने आदल्या दिवशीच वाऱ्याचं निमित्त सांगून दारावर पाटी लावून घेतली होती, की छत्र्या बाहेर ठेवाव्यात. चिमणी पोस्टातल्या बाईंना घेऊन संथ चालली, मग दुडक्या चालीने एक फेरी, मग मधोमध येऊन उभी राहिली. बाईंचे डोळे डबडबले होते. पोस्टातली सगळी मंडळी आली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मास्तरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे हळू वाजवल्या. मालकीणबाई मोतद्दाराजवळ आली आणि म्हणाली, “राहिली हो तुमची चिमणी.” मोतद्दाराचा जीव भांड्यात पडला.

आता खरं तर वेळच वेळ होता. उद्यापासून तासाच्या वेळी एकेक वस्तू जागेवरच राहू द्यायची, आधी बादली, मग पाइप, मग ताडपत्री, असं त्याने ठरवलंही. पण उद्या सकाळी बाईंचा तास होता. बाई आता कुठे मान वर करून बसू लागल्या होत्या. त्यांचा विरस कशाला? परवा बघू. परवा म्हातारबाचा नाल निघाला. असं करत करत ते राहिलं ते राहिलंच.

आणि अजून एक गोष्ट झाली, जी त्याच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटायला नको होती. रिंगण मोकळं ठेवायचं म्हणून बांबू गेले. वाटेत कुठे काय भेटेल सांगता येत नाही म्हणून चढावर जाणंही बंद झालं. रोज तीच माती, तोच वळसा, तीच बाजू. चिमणीचे कान फिरायचे थांबले. ते दोन्ही बाजूंना सैल पडून राहायचे. डोळा उघडा, पण आत कुणी नाही. पाय उचलायची तेही फरपटत. दुसऱ्या कुठल्या घोड्याचं असं झालं असतं तर मोतद्दार लगेच म्हणाला असता, की कंटाळलंय, ह्याला बाहेर काढा, आणि मधेच एखादं पान हललं तरी उधळेल, कारण हे झोपेत चालतंय. पण ही चिमणी होती. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला आणि मास्तरांना सांगितलं, “शहाणी झाली बघा. शांत झाली.”

मास्तर म्हणाले, “तुमची कमाल आहे.”

तो लाजला. तेव्हा लाजला होता हे त्याला पुढे फार वर्षं आठवत राहिलं.

मग त्याची दाढ सुजली. सकाळी उठला तर एक गाल भोपळ्यासारखा. बायकोने आरशात बघू दिलं नाही, मफलर गुंडाळला आणि म्हणाली, “चला.”

“बाईंचा तास आहे गं.”

“बाई काय तुमच्या दाढेवर बसून शिकणार आहेत? चला म्हणते ना.”

त्याने खिडकीतून रिंगणाकडे पाहिलं. छत्री कुंपणाला होती, आदल्या दिवशी कुणीतरी विसरलेली. ताडपत्री सैल सुटली होती. जाता जाता मास्तरांना सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायचं, आणि तोंड उघडत नव्हतं. बायको रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. दाढेत कळ आली. तो गेला.

दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसून तो नंबरची वाट बघत होता, त्याच सुमाराला इकडे रिंगणात चिमणी झोपेत चालल्यासारखी चालत होती. वारं आलं. ताडपत्री फटकन उलटली आणि छत्री खाली पडून मातीत गडगडत आली. कितीतरी महिन्यांत त्या घोडीने त्या रिंगणात हलणारं असं काहीच पाहिलं नव्हतं. तिच्या दृष्टीने जमीनच फुटून वर आली असेल. ती उधळली. पोस्टातल्या बाई कुंपणावर पडल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. ज्या हाताने शिक्के मारायच्या, तो हात.

चिमणी मात्र फाटकातून बाहेर पडली ती रस्त्याला लागली नाही. तबेल्यातही गेली नाही. ती मोतद्दाराच्या दाराशी गेली. दाराला कुलूप होतं. तिथेच ती गोल गोल फिरत राहिली, कपडे वाळत घातलेली दोरी अंगावर घेऊन, दोरीवरचे शर्ट पायदळी तुडवत. मास्तरांनी येऊन तिला धरलं तेव्हा ती घामाने ओलीचिंब होती आणि दाराकडे तोंड करून उभी होती.

मोतद्दार परतला तेव्हा दारात टापांचे ठसे होते. एकावर एक, इतके की मातीचा चिखल झाल्यासारखा. बायको खाली वाकून शर्ट गोळा करू लागली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, तेच बरं झालं.

संध्याकाळी ऑफिसात बोलावणं आलं. मालकीणबाई टेबलामागे, मास्तर भिंतीला टेकून. मोतद्दार मफलर गुंडाळून उभा.

“मोतद्दार, तुम्हीच सांगा आता,” मालकीणबाई म्हणाली. रागावली नव्हती, खरंच विचारत होती. “इतके महिने कशाला म्हणून हलली नाही. छत्री काय नि ताडपत्री काय. आणि आज साध्या वाऱ्याने असं? मला कळतच नाही. तुम्हाला काही कळतंय का? म्हणजे दुरुस्त होण्यासारखं असेल तर सांगा, मी थांबते.”

आता हीच ती वेळ होती. तो म्हणू शकला असता, की बाई, ती हलली नाही कारण तिने काही पाहिलंच नाही. मी सगळं उचलून ठेवत होतो. चूक घोडीची नाही. मला परत पहिल्यापासून सुरू करू द्या. चार वाक्यं होती. मालकीणबाई रागावली असती, मास्तरांनी कपाळाला हात लावला असता, गावभर हसं झालं असतं. पण घोडी राहिली असती.

मोतद्दाराने हात वर केला आणि आपल्या सुजलेल्या गालाकडे बोट दाखवलं. म्हणजे, बोलता येत नाही.

“हो हो, असू दे, असू दे,” मालकीणबाई घाईने म्हणाली. “तुम्ही जा, पडा जरा.”

मास्तर म्हणाले, “मला वाटतं मुळातच खोट आहे तिच्यात. काही घोड्यांच्या डोक्यात असतंच तसं. वरून दिसत नाही.”

खोट हा शब्द त्या खोलीत पडला आणि मोतद्दाराने तो तसाच पडू दिला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “काय म्हणालात?”

त्याने गालाकडे बोट दाखवलं.

“डॉक्टरांनी दाढ काढली तुमची,” मोतद्दारीण म्हणाली. “जीभ नव्हती काढली.” आणि मातीने माखलेले शर्ट पुन्हा धुवायला बादलीत टाकले.

चिमणीला एक रोपवाटिकावाली घेऊन गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची रोपवाटिका होती, रोपांची ओझी वाहायला तिला घोडी हवी होती. दणकट बाई, तोंडाचा पट्टा सारखा चालू. “खोट असू दे हो, मला काय तिच्याशी लग्न करायचंय?” असं म्हणाली. टेम्पो आणला होता. चिमणी चढेना. मास्तरांनी प्रयत्न केला, टेम्पोवाल्याने केला. शेवटी मोतद्दाराला बोलावलं. तो आला, दोरी सैल धरून तिच्या पुढून फळीवरून आत चढला. चिमणी त्याच्या मागोमाग चढली. तो पुढे होता ना, म्हणजे वाट साफ असणार. त्याने तिला आत बांधली आणि बाजूने उडी मारून खाली उतरला. टेम्पो निघाला तेव्हा तिने मान वळवून पाहिलं. ते बघायला तो थांबला नव्हता. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि कधीतरी पुढे सांगितलं.

त्यानंतर शाळेत बरेच घोडे आले. मोतद्दाराने एकाच्याही वाटेतली काडी उचलली नाही. उलट स्वतः जुन्या छत्र्या गोळा करून आणायचा, कुंपणाला डबे बांधायचा, आणि एकेकाला शेजारी घेऊन, त्याच्या कलाने, सगळं दाखवायचा. नव्या पोरांना सांगायचा, “कान बघा. कान फिरत नसले तर घोडं शांत नाही, घोडं तिथे नाहीच.” लोक त्याला मानायला लागले. जितके मानायचे तितका तो आणखी वाकून चालायचा. रोपवाटिकेच्या रस्त्याने मात्र तो कधी गेला नाही. डॉक्टर त्या बाजूला, किराणा त्या बाजूला, तरी लांबचा वळसा घालायचा. पोस्टातसुद्धा जायचं असलं की बायकोला पाठवायचा.

हातपाय थकल्यावर नोकरी सुटली. नवराबायको गावात एका खोलीत राहायला आली. भिंतीपलीकडे आता घोडा नव्हता, शेजाऱ्यांचा टीव्ही होता. पेला कधी हलला नाही. एक दिवस मोतद्दारीण म्हणाली, “खिडकीत ठेवायला मला मिरचीचं रोप हवंय.”

“मंडईत मिळेल.”

“मंडईतलं जगत नाही. रोपवाटिकेतलं हवं.”

“मग जा तू.”

“मला कुंडी उचलवत नाही. चला.” तिने चपला घातल्या सुद्धा. तिला मिरचीचं रोप किती हवं होतं देव जाणे.

रोपवाटिका म्हणजे घोड्याला भेवडवायला मुद्दाम मांडल्यासारखी जागा. डोक्यावर हिरव्या जाळ्या वाऱ्याने फुगत होत्या, पाण्याचे फवारे फिस्स करून मधेच उडत होते, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे ढीग सळसळत होते. आणि मधोमध, पैसे घ्यायच्या टेबलावर, केवढी तरी मोठी पट्ट्यापट्ट्यांची छत्री. मोतद्दार हे सगळं बघत उभा होता, तेवढ्यात मागच्या वाटेने टापांचा आवाज आला. तो आवाज त्याने ओळखला. तांबूस रंग आता फिका झाला होता, पाठ थोडी खाली गेली होती, पण कपाळावरचा ठिपका तोच.

त्याला काही सुचलं नाही. म्हणजे विचार करून काही केलंच नाही त्याने. म्हातारे पाय जेवढे पळतील तेवढा पळाला आणि दोन्ही हातांनी ती मोठी छत्री मिटायला लागला.

“अहो, अहो!” रोपवाटिकावाली ओरडली. “काय करताय? खाली रोपं आहेत माझी, करपतील! उघडा ती.”

“घोडी येतेय,” मोतद्दार म्हणाला.

“येऊ दे की. रोजच येते. तिला पाणी इथेच ठेवते मी. उघडा उघडा.”

मोतद्दाराने छत्री परत उघडली. घाईत ती फट् करून उघडली, तीच ती जुनी फट्. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा चिमणी छत्रीच्या सावलीत बादलीत तोंड घालून पाणी पीत होती. एक कान त्याच्याकडे होता, एक फवाऱ्याकडे.

“कसं केलंत हे?” त्याने विचारलं.

“काय केलं? मला कुठे वेळ आहे काही करायला? जिथे जाते तिथे नेते तिला. पहिल्या पहिल्यांदा रोज कशाला तरी घाबरायची. मी म्हणायचे, बघ बाई नीट, काय आहे ते, मला काम आहे. मग ती बघायची आणि मी काम करायचे.” ती हसली. “फार चौकस आहे हो. परवा पोस्टमनच्या पिशवीत तोंड घातलं.”

घोडीवरून कुणीतरी उतरलं. केस पांढरे झालेले, अंगाने बारीक, उजवं मनगट थोडं वाकडं बसलेलं. पोस्टातल्या बाई.

“काका!” त्या म्हणाल्या. “अगबाई, काका, तुम्ही! किती वर्षांनी. मी दर रविवारी येते इथे. हात बरा झाल्यावर शोधत आले हिला.” मग त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ही आज अशी आहे ती तुमच्यामुळे बरं का. पाया तुम्ही घातलात. मी सगळ्यांना सांगते.”

मोतद्दारीण रोपांपाशी उभी होती. तिने मिरचीचं एक रोप उचललं, ते उलटसुलट करून पाहिलं, आणि नवऱ्याकडे बघितलं.

“तसं नाही ताई,” मोतद्दार गुंडीशी बोलला. मग मान वर केली आणि जरा मोठ्याने म्हणाला, “मी सगळं उचलून ठेवायचो. छत्री, ताडपत्री, सगळं. रोज सकाळी. तिने काही पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मी नव्हतो, म्हणून तुम्ही पडलात. तिच्यात खोट नव्हती.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. डाव्या हाताने उजवं मनगट चोळू लागल्या, त्यांना सवय झाली असावी. वर जाळी फुगली, खाली बसली.

“मग तेव्हा का नाही बोललात, काका?” त्यांनी विचारलं. “मी दवाखान्यात पडून म्हणत होते, तिला घालवू नका. कुणी ऐकलं नाही. तुम्ही बोलला असतात तर ऐकलं असतं.”

मोतद्दाराचा हात आपोआप वर गेला, गालापर्यंत. तिथे आता काही नव्हतं. खोल गेलेला गाल आणि दाढीचे पांढरे खुंट. त्याने हात खाली घेतला. मोतद्दारिणीने एरवी त्याच्या वतीने गावाला उत्तरं दिली होती. आज तिने नुसतं रोपाचं एक पिवळं पान खुडलं.

बाईंनी दोरी त्याच्या हातात दिली. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत आणि नाही केलं असंही नाही. “तिची फिरायची वेळ आहे,” एवढंच म्हणाल्या. “पलीकडच्या बांधापर्यंत नेऊन आणा.”

चिमणीने त्याचा खिसा हुंगला. तिथे पूर्वी गाजर असायचं. आज नव्हतं. तिने एकदा त्याच्या शर्टावर तोंड घासलं आणि मान वळवून पुढच्या वाटेकडे पाहिलं. वाटेवर एक जाळी एका बाजूने सुटून लोंबत होती, वाऱ्याने आत-बाहेर करत होती. मोतद्दाराचं पाऊल सवयीने पुढे पडलं, तिच्या आणि जाळीच्या मधे. पण घोडी त्याच्या शेजारून पुढे निघून गेली होती. मान लांब करून, दोन्ही कान पुढे करून, त्या जाळीत काय आहे ते बघायला. दोरी ताणली गेली आणि तो तिच्या मागून चालू लागला.